'जंजीर' समोर ठेवून: नटाने तारलेला पोलिसपट कसा पारखायचा

पोलिसपट पाहून थिएटरबाहेर पडताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "गोष्ट नेहमीचीच, पण हिरोने तारलं." बहुतेक वेळा ते खरंही असतं. मात्र "तारलं म्हणजे नेमकं काय केलं?" असं विचारलं की 'नजर', 'आवाज', 'दरारा' या तीन शब्दांवर गाडी थांबते. मला हे फार लागतं. कारण नटाचं काम इतकं मोघम नसतं. कुठल्या प्रसंगात, कुठल्या क्षणी, काय केल्यामुळे किंवा काय टाळल्यामुळे सिनेमा उभा राहिला, हे बोट ठेवून दाखवता येतं. त्यासाठी थोडी शिस्त लागते आणि दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या काढाव्या लागतात.

ही रीत मी वर्षानुवर्षं सिनेमे पाहून, मित्रांशी भांडून आणि स्वतःची जुनी परीक्षणं खोडून तयार केली आहे. परीक्षण लिहिणाऱ्याला ती उपयोगी पडेल. नाट्यस्पर्धेत किंवा ऑडिशनला पोलिसाची भूमिका करणाऱ्याला तर अधिकच. सरावासाठी मी 'जंजीर' सुचवतो. 11 मे 1973 रोजी प्रदर्शित झालेला, प्रकाश मेहरांनी दिग्दर्शित केलेला, सलीम-जावेद यांनी लिहिलेला हा सिनेमा आपल्याकडच्या 'कायदा हातात घेणाऱ्या पोलिसा'चा मूळपुरुष म्हणावा असा आहे, आणि तो घराघरांत ठाऊक आहे.

पहिली संध्याकाळ: नुसता पाहा

वही घेऊ नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुमारे अडीच तास सलग बसा, मध्ये थांबवू नका. सिनेमा संपल्यावर लगेच, चहाही न घेता, तुम्हाला आठवणाऱ्या पाच जागा कागदावर लिहा. संवाद लिहू नका, जागा लिहा: कोण उभं होतं, कोण बसलं होतं, कोणाचे हात कुठे होते. जे आठवत नाही ते आठवण्याचा प्रयत्न करू नका. ही यादी जपून ठेवा, शेवटी लागेल.

इथे एक चूक सगळे करतात. पाहण्याआधी लेख वाचतात, मुलाखती ऐकतात. मग डोळ्यांना तेच दिसतं जे कानांनी ऐकलेलं असतं. माहिती दुसऱ्या दिवशी गोळा करा.

गोष्टीचा सांगाडा काढा

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेमाची गोष्ट दहा वाक्यांत लिहा. अट एकच, नटाचं नाव कुठेही यायचं नाही. 'जंजीर'ची अशी लिहून होते: दिवाळीच्या रात्री एका मुलासमोर त्याच्या आईवडिलांचा खून होतो. खुन्याच्या मनगटातल्या साखळीला लटकणारा घोडा तेवढा त्याला दिसतो. तो घोडा त्याच्या स्वप्नात येत राहतो. मुलगा मोठा होऊन इन्स्पेक्टर होतो. जुगाराचा अड्डा चालवणारा एक पठाण आधी शत्रू आणि मग जिवाभावाचा मित्र बनतो. चाकूसुऱ्यांना धार लावून पोट भरणारी एक मुलगी एका गुन्ह्याची साक्षीदार असते. इन्स्पेक्टरला लाचेच्या खोट्या आरोपात अडकवून तुरुंगात धाडलं जातं. सुटल्यावर तो त्या मुलीला वचन देतो की आता सूड नको. ते वचन त्याला आतून खातं. अखेर साखळीवाला सापडतो.

आता प्रामाणिकपणे विचारा, हा कागद कुणी तुमच्या हातात दिला तर तुम्ही अडीच तास बसाल? लहानपणचा खून, ओळखीची खूण, शेवटची भेट, हे सगळं त्याआधीच्या कितीतरी सिनेमांत येऊन गेलं होतं. पण त्याच कागदावर दोन वाक्यं वेगळी आहेत. एक, शत्रू असलेला पठाण मित्र होतो. दोन, नायक सूड घेण्याऐवजी सूड न घेण्याचं वचन देतो आणि कुढत बसतो. या दोन जागा लेखकांनी नटासाठी मोकळ्या सोडल्या आहेत. अशा जागा आधी शोधा. लेखनाने काहीच जागा सोडली नसेल तर कितीही मोठा नट असो, तो फक्त आरडाओरडा करू शकतो.

आणखी एक गोष्ट नोंदवा: या नायकाच्या तोंडी गाणं नाही. 1973 सालच्या हिंदी सिनेमात ही लहान बाब नव्हती. ही भूमिका आधी धर्मेंद्र, देव आनंद, राजकुमार अशा मोठ्या नटांकडे गेली आणि तिथून परत आली. मग ती आली एका उंच, किडकिडीत तरुणाकडे, ज्याचे बरेच सिनेमे पडले होते. जावेद अख्तर यांनी अनेकदा सांगितलंय की 1972 सालच्या 'बॉम्बे टू गोवा'तल्या एका मारामारीत अमिताभ बच्चन मार खाऊन उठतात तेव्हा तोंडातलं च्युइंगम चघळतच असतात, ते पाहून हाच आपला नट असं या लेखकद्वयीला वाटलं. मारामारी कशी केली यावरून नव्हे, मारामारीच्या मधल्या फटीत काय केलं यावरून निवड झाली. पुढचं सगळं पाहणं या एका गोष्टीवर उभं आहे.

ठोशाच्या आधी आणि ठोशानंतर

दुसऱ्या संध्याकाळी वही घ्या आणि पानाचे तीन भाग करा: आधी, ठोसा, नंतर. सिनेमातल्या प्रत्येक हिंसक क्षणाची वेळ मधल्या भागात लिहा आणि त्याच्या आधीचं व नंतरचं अर्धं मिनिट दोन-दोनदा पाहा. ठोसा स्वतः पाहूच नका. तो साहसदृश्यांचे दिग्दर्शक, संकलक आणि ध्वनीवाले मिळून घडवतात. नटाची खरी कमाई अलीकडे आणि पलीकडे असते.

पोलीस ठाण्यातली खुर्चीची जागा घ्या. शेर खान, म्हणजे जुगाराच्या अड्ड्याचा तो पठाण, ठाण्यात येतो, बसायला जातो आणि इन्स्पेक्टर विजय खुर्चीला लाथ मारतो. सगळ्यांना लाथ आठवते. तुम्ही लाथेच्या अलीकडे जा. समोर शेर खानच्या भूमिकेत प्राण आहेत, हे विसरू नका. त्या काळी प्राण पडद्यावर आले की प्रेक्षक सावरून बसायचे. लाल केस, पठाणी पोशाख, चालण्यातला मस्तवालपणा: येणाऱ्याने प्रसंग आधीच जिंकलेला आहे. तरुण नटाने आता काय करायचं? आवाज वाढवला तर प्राण यांच्यापुढे तो पोरकट दिसेल. पाहा, तो किती हलतो. पाहा, पापणी किती वेळा लवते. बोलताना मान कुठे वळते, आणि लाथ बसल्यावर चेहऱ्यावर समाधान येतं का. मी ही जागा किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही, आणि दर वेळी मला जाणवतं ते असं: या माणसाला भांडण जिंकायचं नाहीये, त्याला कुणीतरी आपल्या ठाण्यात, आपल्या कायद्याच्या जागेत, घरच्यासारखं बसलेलं सहनच होत नाही. राग वैयक्तिक अपमानाचा नाही. म्हणूनच शेर खान जेव्हा म्हणतो की हा रुबाब वर्दीचा आहे, तेव्हा विजयला ते लागतं, आणि तो साध्या कपड्यांत त्याच्या वस्तीत जाऊन उभा राहतो. त्या दोन प्रसंगांमधला धागा संवादांनी जोडलेला आहेच, पण तो पटतो नटामुळे.

दुसरी जागा शवागाराची. एक ट्रकवाला मुलांना चिरडतो. माला, म्हणजे जया भादुरी, हे पाहणारी साक्षीदार, पण पैसे घेऊन गप्प बसलेली. विजय तिला मुलांच्या मृतदेहांसमोर नेतो. हा प्रसंग पाहताना कोण कुणाकडे कधी पाहतं, एवढंच लिहा. इथे ठोसा नाही. तरीही माझ्या मते सिनेमातला सर्वांत मोठा आघात हाच. एका गरीब मुलीवर पोलीस दबाव आणतोय, असंही हे दृश्य दिसू शकलं असतं. तसं न दिसता दोघंही एकाच दुःखासमोर उभी आहेत असं का वाटतं, ते शोधा. उत्तर अर्धं जया भादुरींच्या चेहऱ्यावर सापडेल. 'हिरोने तारलं' म्हणताना हे अर्धं श्रेय आपण नेहमी गिळून टाकतो.

तिसरी जागा हसण्याची. विजय किती वेळा हसतो ते मोजा. शेर खान मित्राची कळी खुलावी म्हणून नाचतो, गातो. समोर बसलेल्या विजयचा चेहरा कुठल्या कडव्याला सैल पडतो? ही वेळ मिनिट-सेकंदासह टिपून ठेवा. भूमिकेतला राग खरा आहे की चिकटवलेला, हे हसू येतं कसं यावरून कळतं. चिकटवलेला राग हसताना पूर्ण गळून पडतो, आणि मुरलेला राग हसण्यातही डोळ्यांच्या कडेला राहतो.

आवाज बंद, मग चित्र बंद

निवडलेले तीन प्रसंग आता आवाज पूर्ण बंद करून पाहा. संवाद आणि पार्श्वसंगीत काढलं की नटाचं शरीर उघडं पडतं. प्रसंग तरीही कळला तर काम नटाचं. काहीच कळेनासं झालं तर ते काम संवादांचं किंवा संगीताचं होतं. दोन्ही चांगलंच, पण परीक्षणात श्रेय योग्य खात्यात जमा व्हायला हवं.

मग उलट करा: पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. सलीम-जावेद यांची वाक्यं टाळीची आहेत. टाळीचं वाक्य म्हणताना नट दोन गोष्टी करू शकतो. एक, टाळीसाठी थांबायचं. दोन, टाळी येणारच नाही असं समजून वाक्य समोरच्या पात्राला द्यायचं. अमिताभ बच्चन यांचा खर्ज सगळे वाखाणतात, पण खर्ज ही देणगी आहे. विराम कुठे घ्यायचा, हे कमावलेलं असतं. वाक्याच्या आधीचा विराम आणि वाक्याच्या मधला विराम वेगळे मोजा. माझ्या कानांना या सिनेमात मधले विराम जास्त बोलके वाटतात. जणू पुढचा शब्द बाहेर काढण्याआधी हा माणूस स्वतःला आवरतोय.

रंगभूमीवर काम करणाऱ्यांनी हा सराव जरूर करावा. पोलिसाच्या भूमिकेत शिरलं की हौशी नट पहिल्याच वाक्याला आवाज टिपेला नेतो आणि मग चढायला जागाच उरत नाही.

नट बदलून पाहा

ही परीक्षा सर्वांत उपयुक्त, आणि 'जंजीर'च्या बाबतीत ती आयती उपलब्ध आहे. 2013 मध्ये याच नावाने सिनेमा पुन्हा काढला गेला. दिग्दर्शक अपूर्व लाखिया, नायक राम चरण, शेर खानच्या भूमिकेत संजय दत्त. राम चरण तेलुगूतला मोठा तारा, नाचतो उत्तम, मारामारीही सफाईदार. तरी तो सिनेमा उभा राहिला नाही. दोन्हींतला खुर्चीचा प्रसंग पाठोपाठ पाहा. फक्त नटाकडे बोट दाखवू नका, काळही बदललाय. 1973 साली पडद्यावरचा संतापलेला पोलीस ही नवी गोष्ट होती. 2013 पर्यंत प्रेक्षकाने असे पन्नास पाहिले होते. नटाने तारलं असं म्हणताना तो नट कुठल्या क्षणी आला, हेही धरावं लागतं.

अधिक न्याय्य तुलना हवी असेल तर 2010 सालचा तमिळ 'सिंगम' आणि 2011 सालचा हिंदी 'सिंघम' घ्या. एका वर्षाचंच अंतर, सांगाडा तोच. तमिळमध्ये सूर्या, हिंदीत अजय देवगण. सूर्या वाक्यांचा मारा करतो, शरीर सतत उसळत असतं. देवगण वाक्य जड करून टाकतो आणि बराचसा भार डोळ्यांवर सोपवतो. हिंदी आवृत्तीने नायकाला मराठी केलं, बाजीराव सिंघम, आणि त्याला गोव्यात आणून उभं केलं. आपल्या दृष्टीने त्यात आणखी एक जागा आहे: हेड कॉन्स्टेबल सावळकर झालेले अशोक सराफ. नायक डरकाळ्या फोडत असताना पोलीस ठाणं खरं वाटतं ते सराफ यांच्यामुळे. वर्षानुवर्षं वरिष्ठांची मर्जी सांभाळलेला हवालदार त्यांनी खांद्याच्या एका वाकण्यात उभा केलाय. मुख्य नटाला तारणारे असे लोक प्रत्येक पोलिसपटात असतात. त्यांची नावं वहीत स्वतंत्र लिहा.

मार खाणाऱ्याकडे पाहा

ही पायरी गाळू नका. कायदा हातात घेणारा पोलीस आपल्याला आवडतो, याचं मुख्य कारण तो ज्याला मारतो त्याचा गुन्हा सिनेमाने आपल्याला आधीच दाखवलेला असतो. प्रत्यक्षात ठाण्यात आणलेल्या माणसाचा गुन्हा कुणीच पाहिलेला नसतो. म्हणून तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार अटक केलेल्याला 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये डी. के. बसू प्रकरणात अटकेची नियमावली घालून दिली. आणि 2014 मध्ये, मुंबईतल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात, चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूच्या तपासासाठी 16 कलमी सूचना दिल्या. हे माहीत असलेला प्रेक्षक सिनेमाचा आनंद गमावत नाही, त्याला नटाचं काम अधिक दिसतं. कारण मग तो विचारतो: या नटाने मला कायदा विसरायला लावलं, ते कसं?

याचं उत्तर शोधायला 'जंजीर'नंतर लगेच 'अर्धसत्य' पाहा. 1983, दिग्दर्शक गोविंद निहलानी. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्रे यांची कविता, खलनायक रामा शेट्टीच्या भूमिकेत नगरचे सदाशिव अमरापूरकर. मराठी लेखणीतून उतरलेला इतका सच्चा पोलीस हिंदी पडद्याने दुसरा पाहिलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर झालेल्या ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इथेही आधी-ठोसा-नंतर असं पान आखा. रेडिओ चोरल्याचा आरोप असलेल्या एका फाटक्या माणसाला वेलणकर कोठडीत बडवतो, आणि तो माणूस मरतो. इथे प्रेक्षकाच्या हाती समर्थन म्हणून काहीच दिलेलं नाही. ज्या रामा शेट्टीला हात लावता येत नाही, त्याचा राग या गरिबावर निघतोय, हे ओम पुरी एका शब्दाच्या स्पष्टीकरणाशिवाय कळवतात. आणि त्याआधीचा कवितेचा प्रसंग. ज्योत्स्ना, म्हणजे स्मिता पाटील, त्याच्या हाती कविता देते आणि तो मोठ्याने वाचू लागतो. सुरुवातीला आवाजात वाचणाऱ्याची ऐट आहे. चक्रव्यूहाचा उल्लेख आल्यावर तो आवाज हळूहळू स्वतःकडे वळतो. ज्या ओळीला वेलणकरला कळतं की हे माझ्याचबद्दल आहे, ती ओळ शोधा. मला ती दर खेपेला थोडी अलीकडे सापडते.

दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहिले की एक फरक हाताला लागतो. बच्चन यांचा विजय मारल्यावर मोठा होतो. पुरींचा वेलणकर मारल्यावर लहान होत जातो, खांदे उतरतात, नजर कोपरे शोधू लागते. दोन्ही नटांनी आपापला सिनेमा खांद्यावर घेतलाय, पण एकाने प्रेक्षकाला सोबत घेऊन, दुसऱ्याने प्रेक्षकाला थांबवून. परीक्षणात 'तारलं' लिहिताना हे सांगणं फार गरजेचं आहे: कुठल्या दिशेने तारलं?

आता लिहायला बसा

पहिल्या संध्याकाळची पाच जागांची यादी काढा आणि नंतरच्या नोंदींशी ताडून पाहा. दोन्हीकडे असलेल्या जागांवरच लिहा. पहिल्या यादीत नसलेली पण नंतर सापडलेली एखादीच जागा घ्या, जास्त नको, नाहीतर लेख शवविच्छेदनासारखा होतो.

'दमदार', 'जबरदस्त', 'जिवंत अभिनय', 'भूमिकेला न्याय दिला' हे शब्द पूर्ण बाजूला ठेवा. त्यांच्या जागी क्रियापदं घाला. "अमिताभ यांनी इन्स्पेक्टर विजय जबरदस्त साकारलाय" या वाक्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. हे पाहा: "शेर खान खुर्चीकडे वळतो तोवर विजय जागचा हलत नाही. खुर्ची उडते तेव्हा प्रेक्षक दचकतो तो लाथेने नाही, इतका वेळ हा माणूस किती गच्च धरून बसला होता हे एकदम कळल्याने." या दोन वाक्यांत मत आहे, पुरावा आहे, आणि वाचकाला परत जाऊन पडताळता येईल अशी जागा आहे.

नटाचं नाव आणि पात्राचं नाव यांची सरमिसळ करू नका. विजय रागावतो, अमिताभ राग आवरतात. या दोन क्रियापदांमधलं अंतर म्हणजेच अभिनय, आणि तुमचा सगळा लेख त्याच अंतराबद्दल आहे. नटासोबत निदान तीन नावं लिहाच: जागा देणारा लेखक, समोर उभा राहणारा नट, आणि कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवणारा दिग्दर्शक. 'जंजीर'साठी ही यादी करताना माझ्या वहीत प्राण यांच्या नावाखाली दोन रेघा आहेत.

लेख झाला की एक दिवस तसाच ठेवा. मग मोठ्याने वाचा आणि ज्या वाक्यात दुसऱ्या कुठल्याही नटाचं नाव घातलं तरी चालेल, ते वाक्य कापा. माझ्या पहिल्या खर्ड्यातून निम्मा मजकूर असाच जातो. उरतं ते दीड पान, आणि त्यात खुर्ची, शवागार आणि ते एक हसू असलं की मी लेख पाठवून देतो.